घरी व्हिस्की टेस्टिंग: चार बाटल्या, पाच ग्लास, एक प्रश्न

विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यात फ्लॅट, पुढच्या महिन्यातला शनिवार, आठ माणसं. त्यातली दोघं घेत नाहीत आणि एकाला सोड्याशिवाय चालत नाही. सात-आठ चांगल्या बाटल्या जमवून घरी व्हिस्की टेस्टिंग करायचं आहे. मग बाटल्या कोणत्या आणू, ग्लास कोणते घेऊ, आणि तासाभरात त्याची नेहमीची बैठक होऊ नये म्हणून काय करू?

मी अकरा वर्षं हॉटेलच्या बारमागे उभी होते आणि आता लोकांच्या घरी जाऊन अशी टेस्टिंग घेते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे. बाटल्यांची यादी कुणीही देईल, पण बैठक होते ती बहुतेक वेळा त्या यादीमुळेच. समोर सात बाटल्या मांडल्यात आणि त्या का मांडल्यात हे कुणालाच माहीत नसलं, की माणसं त्यांना जे येतं तेच करतात. पितात.

हे मी स्वतः करून बसले आहे. माझ्या पहिल्या घरगुती टेस्टिंगला सात व्हिस्क्या होत्या आणि प्रत्येकीचा तीस मिलीचा पेग. म्हणजे माणशी २१० मिली. क्वार्टरपेक्षा जास्त! हा हिशेब मी आधी केलाच नव्हता. वर हौसेनं कोळंबी तळली होती, लसूण आणि लाल तिखट लावून. भरीला सुरुवात केली सगळ्यात धुरकट व्हिस्कीनं, कारण ती माझी लाडकी. चौथ्या ग्लासाला कुणाला काही कळत नव्हतं, पाचव्याला गाणी लागली आणि सहाव्या-सातव्याबद्दल कुणी एक शब्द लिहिला नाही. संध्याकाळ मजेत गेली, पण टेस्टिंग झालं नाही.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. संध्याकाळीला एक प्रश्न द्यायचा. 'चांगल्या व्हिस्क्या चाखू या' हा प्रश्न नव्हे. 'धूर नेमकं काय करतो?' हा प्रश्न आहे. 'पिपाच्या लाकडाचं काम किती?' हाही आहे. 'महागडी ओळखू येते का?' हा तर भांडणं लावणारा प्रश्न आहे आणि म्हणून मला फार आवडतो. प्रश्न ठरला की बाटल्या आपोआप ठरतात आणि कमीही होतात.

तुमच्यासाठी मी धुराचा प्रश्न निवडेन. फरक मोठा असतो, नवख्यालाही कळतो, आणि त्याची तयार उत्तरपत्रिका आपल्या शेजारी गोव्यात मिळते. कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्टपासून केलेली व्हिस्की, २०१२ मध्ये आधी लंडनला विकायला गेली, आपल्याकडे नंतर आली. त्यांच्या तीन बाटल्या घ्या: ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड. तिन्ही ४६ टक्क्यांच्या, तिन्ही बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिपांत मुरलेल्या, एकाच घरच्या. ब्रिलियन्समध्ये धूर नाही, एडिटेडमध्ये थोडा, बोल्डमध्ये भरपूर. बाकी जवळजवळ सगळं सारखं असल्यामुळे जो फरक जाणवेल तो बहुतेक धुराचाच. बिनधुराच्या ग्लेनफिडिकशेजारी धुरकट लाफ्रोएग ठेवलीत तर फरक आणखी मोठा दिसेल, पण तो धुराचा, पिपाचा, वयाचा की डिस्टिलरीचा, हे सांगता येणार नाही.

धूर येतो कुठून, तेही पाहुण्यांना एका मिनिटात सांगून टाका. माल्ट म्हणजे मोड आणलेला जव. मटकीला किंवा नाचणीला आणतो तसेच मोड. ते वाढत राहू नयेत म्हणून धान्य वाळवतात. वाळवताना खाली पीट जाळला, तर त्याचा धूर दाण्यात बसतो आणि पुढं भट्टी, पीप, वर्षं सगळं पार करून ग्लासात येतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजलेलं गवत-शेवाळ, विटांसारखं कापून वाळवलेलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर झाडं कमी, म्हणून तिथं पूर्वी चुलीतही तेच जळण होतं.

चौथी बाटली म्हणजे खरं तर क्वार्टर. कोणतीही रोजच्या पाहण्यातली भारतीय ब्लेंडेड व्हिस्की. ही पहिल्या नंबरवर. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांत साखर कारखान्याच्या मळीपासून केलेलं स्पिरिट असतं आणि त्यात थोडं माल्ट मिसळलेलं असतं. मळीच्या स्पिरिटाला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. हे मी नाक मुरडायला सांगत नाही, उसाच्या मुलखात ते साहजिकच आहे. पण तिच्यानंतर लगेच ब्रिलियन्स हुंगली की जवाचा वास म्हणजे काय, हे पहिल्यांदा कळतं. लहानपणी सातूचं पीठ गुळात कालवून खाल्लेलं असेल त्यांना तर हमखास.

आता पाचवा ग्लास. यात पुन्हा ब्रिलियन्सच ओता आणि कुणाला सांगू नका. हा माझा आवडता कावा आहे, आणि त्याला जास्तीची बाटलीही लागत नाही. दुसऱ्या ग्लासाला 'मध, संत्र्याची साल, व्हॅनिला' असं लिहिणारी माणसं पाचव्याला 'पाणचट' किंवा 'फारच गोड' असं लिहितात. मधे बोल्ड येऊन गेलेली असते ना! धुरानं नाक इतकं व्यापून टाकलेलं असतं, की मागून येणारी साधी व्हिस्की फिकी पडते. शेवटी दोन आणि पाच एकच होत्या हे जाहीर करा. त्या क्षणाची शांतता मला कोणत्याही बाटलीपेक्षा जास्त आवडते. हलक्याकडून जडाकडे जावं, धुरकट शेवटी ठेवावी, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

प्रमाणाचं. पिणारे सहा, त्यांना प्रत्येकी १५ मिली. न पिणाऱ्या दोघांना ५ मिली, फक्त हुंगायला. म्हणजे एका फेरीला बरोबर १०० मिली. क्वार्टर १८० मिलीची असते, ती पुरून उरते. माणशी एकूण ७५ मिली, म्हणजे दोन तासांत अडीच स्मॉल पेग. मोजायला मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणा, सुई न घेता. पेग मेजरवर १५ ची खूण बहुतेक वेळा नसते आणि अंदाजानं ओतणाऱ्याचा हात नेहमी सढळ असतो.

आता अडचणीची गोष्ट. या हिशेबानं तिन्ही बाटल्या अर्ध्याहून जास्त उरतात. बैठक इथेच होते, टेबलावर उरलेल्या बाटल्यांमुळे. ओतून झालं की बाटली आतल्या खोलीत, कपाटात. खर्च खटकत असेल तर मित्रांच्या घरी आधीच उघडलेल्या बाटल्या मागवा, किंवा तिघांनी एक-एक आणावी आणि उरलेली परत न्यावी. उघडलेली बाटली उभीच ठेवायची, वाइनसारखी आडवी नाही, कारण एवढ्या तेज अल्कोहोलमध्ये बूच भिजून कुजतं. अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली असेल तर काही महिने चवीत फारसा फरक पडत नाही.

गोव्याहून स्वस्तात आणायचा मोह होईल. परवान्याशिवाय दारू वेशीपार आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याच्या नाक्यावर गाडी उघडायला लावतात. पुण्यात या बाटल्या मिळतात, किंमत जास्त पडेल इतकंच. कायद्याचं आणखी थोडं: महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं. मित्रांनी आपसात खर्च वाटून घेणं वेगळं. पण माणशी तिकीट लावलंत की तो विक्रीचा मामला झाला. त्याला वेगळा परवाना लागतो, तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ग्लासाबद्दल लोक उगाच घाबरतात. ग्लेनकेर्न नावाचा, खाली पोट आणि वर निमुळतं तोंड असलेला ग्लास २००१ मध्ये बाजारात आला आणि आता टेस्टिंगचा तोच शिक्का झालाय. असेल तर उत्तम. नसेल तर लहान वाइन ग्लास घ्या, केटररकडे भाड्यानं मिळतात. तोंड आत वळलेलं हवं, म्हणजे वास गोळा होतो. नेहमीच्या सरळ, रुंद व्हिस्की ग्लासात तो उडून जातो. एकदा एका घरी फुलपात्रातून दिलं होतं. त्याचे काठ बाहेर वळलेले, म्हणजे अगदी उलटं, शिवाय स्टीलचा वास. पाच ग्लास प्रत्येकी जमणार नसतील तर दोन-दोन ठेवा आणि मधे विसळा. ओतण्याआधी प्रत्येक रिकामा ग्लास हुंगून बघा. निम्म्या घरांत भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास येतो, आणि मग पाहुणे मोठ्या आत्मविश्वासानं 'लिंबू' असं लिहितात.

वासाचीच गोष्ट निघाली आहे तर: त्या दिवशी संध्याकाळची उदबत्ती लवकर लावून विझू द्या, रूम फ्रेशनर बंद, खोलीत निशिगंध ठेवू नका, आणि पाहुण्यांना अत्तर-परफ्यूम नको म्हणून आधीच सांगा. स्वयंपाकघरात बोंबील तळले जात असतील तर टेस्टिंग दुसऱ्या दिवशी करा.

पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं असतं. ती खोली स्कॉटलंडची असते, अठरा-वीस अंशांची. मे महिन्यातल्या पुण्याची नव्हे. गरमीत अल्कोहोल आधी उडतं आणि नाकाला झोंबतं, मग मागचं काही कळत नाही. उन्हाळ्यात मी बाटल्या तासभर गार पाण्याच्या बादलीत ठेवते. फ्रिज नको, फार गार झाली की वास बंद होतो. उन्हाळा नसेल तर एसी किंवा उघडी खिडकी पुरेल.

चकणा. इथं माझं कुणी ऐकत नाही, तरी सांगते. तिखट चकणा टेस्टिंगनंतर. मिरचीनं तोंड आधीच पेटलेलं असतं, त्यावर ४६ टक्के अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, आणि मग जिभेला फक्त जळजळ कळते. टेस्टिंग चालू असताना साधा पाव, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, कुरमुरे, थोडं चीज. एवढंच. पण उपाशीपोटी कुणाला बसवू नका. सहा वाजता पोहे किंवा उपमा द्या, साडेसातला सुरू करा, साडेनऊला जेवण. मटण, रस्सा, काय हवं ते तेव्हा. जेवण तयार आहे हे सगळ्यांना माहीत असलं की टेस्टिंगला आपोआप शेवट मिळतो. मला तर हीच सगळ्यात खात्रीची युक्ती वाटते.

आता प्रत्यक्ष चाखणं. बाटल्या झाकलेल्या हव्यात. मी पूर्वी त्यांना मोजे घालायचे, पण खांद्याचा आकार आणि बूच ओळखू येतं. म्हणून आता न पिणाऱ्यांपैकी एकाला आतल्या खोलीत ओतायला बसवते आणि बाहेर फक्त नंबर लावलेले ग्लास येतात. पाचव्या ग्लासाचं गुपितही त्याच्याकडेच राहतं. एका घरी यजमानांचे वडील होते, वर्षानुवर्षं एकच ब्रँड पिणारे. तो ब्रँड मी मुद्दाम त्यात ठेवला होता. काकांनी त्याला शेवटचा नंबर दिला आणि म्हणाले, "हे कुणी आणलं?" कागद उघडल्यावर ते दोन मिनिटं बोलले नाहीत, मग स्वतःच मोठ्यानं हसले. सगळ्याच काकांना हे हसू येईल असं नाही. माणूस बघून करा.

प्रत्येक ग्लासाला पहिली तीन मिनिटं बोलायचं नाही. फक्त हुंगायचं आणि लिहायचं. ही शिस्त मी कडक पाळते. ठाण्याला एका कार्यक्रमात पहिल्याच मिनिटाला कुणीतरी ठणकावून 'चॉकलेट!' म्हणालं आणि उरलेल्या नऊ कागदांवर चॉकलेट आलं. नाक फार भिडस्त असतं, ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतं.

हुंगताना ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. नाक ग्लासात खुपसून खोल श्वास घेतलात तर अल्कोहोलचा झटका बसून पुढची काही मिनिटं फुकट जातात. पहिला घोट अगदी लहान घ्या आणि त्यावरून मत बनवू नका, तो फक्त जिभेची ओळख करून द्यायला. दुसरा घोट तोंडात फिरवा, गिळा, मग नाकानं श्वास सोडा. धूर तिथे भेटतो, परतीच्या वाटेवर.

शब्द मराठीच वापरा, घरचे. इंग्रजी यादीतले 'हेदर' आणि 'गूसबेरी' आपल्यापैकी किती जणांनी हुंगलेत? त्याऐवजी काकवी, सुकं खोबरं, जायफळ, लवंग, खारीक, पिकलेलं केळं, पुरण शिजतानाचा वास. ही नुसती कविकल्पना नाही. ओकच्या लाकडातून खरोखरच खोबऱ्याच्या वासाचा घटक येतो, व्हॅनिलाचा येतो, लवंगेतलं युजेनॉलही येतं. केळ्याचा वास आंबवणातून येतो. बोल्डला लोक काय-काय म्हणतात ते ऐकण्यासारखं असतं: गावची न्हाणीघराची चूल, होळीच्या दुसऱ्या दिवशीचे कपडे, टिंक्चर आयोडीन. एका आजींनी घोटही न घेता, नुसतं हुंगून, 'पावसात भिजलेलं सरपण' म्हटलं होतं. तुमच्याकडे न पिणारे दोघं आहेत ना, त्यांना हाच खेळ द्या. चवीतला मोठा भाग नाकाचाच असतो, आणि त्यांचं नाक शेवटपर्यंत ताजं राहतं.

पाणी घाला, जरूर घाला. 'नीट (म्हणजे पाण्या-सोड्याशिवाय) पिणं म्हणजे खरं पिणं' हा मर्दुमकीचा प्रकार आहे. कारखान्यात व्हिस्क्यांचं मिश्रण ठरवणारे ब्लेंडर लोक स्वतः वास घेताना व्हिस्की पाण्यानं साधारण २० टक्क्यांवर आणतात. तुम्हाला तिथवर जायचं नाही. आधी तशीच चाखा, मग १५ मिलीत तीन-चार मिली पाणी घाला, म्हणजे ती ३६ ते ३८ टक्क्यांवर येईल. दरवेळी थोडं थोडं, ड्रॉपरनं. झोंबणं कमी होतं आणि मागचे वास पुढे येतात. कधी उलटंही होतं, व्हिस्की कोसळते. ते का, कधी, कुणाची, हेच तर बघायचं आहे. पाणी फिल्टरचं, साधं. क्लोरिनचा वास असलेलं नको. माठातलंही नको, मातीचा वास गोड असतो पण तो व्हिस्कीचा नाही.

आतापर्यंतचं एका दमात: चार बाटल्या (त्यातली एक क्वार्टर), पाच ग्लास, १५ मिली, बाटली कपाटात, चकणा फिका, आधी लिहायचं मग बोलायचं, साडेनऊला ताट. यातलं काय सोडता येईल हे तुमच्या मंडळींवर आहे. पिणारे सहाही जण कधीच नीट न घेणारे असतील तर पाण्यासकटच सुरुवात करा. सगळे मुरलेले असतील तर क्वार्टर वगळून शेवटी एखादी आयला या स्कॉटिश बेटावरची धुरकट स्कॉच ठेवा, कुणाकडे ड्युटी फ्रीची पडलेली असतेच. लहान मुलं घरात असतील, सासू-सासरे असतील, तर सगळ्याचं वेळापत्रक त्यांच्या झोपेवर ठरेल. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

एकदा चटक लागली की पुढच्या वेळी गोव्याच्या आणि बंगळूरुच्या हवेचा प्रश्न घेता येईल. स्कॉटलंडमध्ये पिपातून वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते, त्याला तिथं देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरुला अमृत डिस्टिलरीच्या गोदामात तो दहा-बारा टक्क्यांवर जातो. म्हणून त्यांनी आपल्या एका बाटलीचं नाव 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरे देवदूत, असं ठेवलं. उष्ण हवेत पीप लवकर काम करतं. त्यामुळे आपल्या माल्टवर वयाचा आकडा शोधत बसू नका, आपल्याकडची पाच वर्षं आणि तिकडची पाच वर्षं एक नव्हेत.

गाडी चालवणाऱ्यांबद्दल मी घरोघरी तेच सांगते. रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि ७५ मिली व्हिस्कीनंतर तिच्या आत आहोत असं कुणी धरून चालू नये. पाहुणे आले की किल्ल्या एका वाटीत, जाताना कॅब. टेबलावर एक मोठा रिकामा मगही ठेवा, नको असलेलं ओतायला. आपल्याकडे ग्लासात टाकून देणं म्हणजे यजमानाचा अपमान वाटतो, म्हणून पहिल्यांदा तुम्ही स्वतः ओता. मग बाकीच्यांची भीड चेपते.

राहिला तुमचा सोडावाला मित्र. टेस्टिंगभर त्याला इतरांसारखंच ठेवा, वाद घालू नका, पाणी हवं तितकं घेऊ द्या. ताटं मांडली जात असताना त्याच्यासाठी बोल्ड कपाटातून बाहेर काढा. उंच ग्लास, भरपूर बर्फ, तीस मिली, वर गार सोडा, काठावर संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळून. धुरकट माल्ट सोड्यात फार छान लागते. आणि एक ग्लास जास्तीचा करून ठेवा, कारण तो पाहून आणखी कुणीतरी मागणारच. माझ्याकडे बहुतेक वेळा तो मागणारा सुरुवातीला 'नीटच हवी' म्हणणाराच निघतो.